आमची वाटचाल : दांडिया बाजार ते समुद्रतळ

बडोद्याच्या दांडिया बाजारातील दोन खोल्यांत आमची संस्था सुरू झाली, तेव्हा आम्ही जमीन मोजत असू. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेले आम्ही दोघे मित्र मालवणला गेलो असताना सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कुबा डायव्हिंगसाठी उतरलो. उतरण्यापूर्वी वाटाड्याने वाळूत बोटाने खडपाचे, म्हणजे पाण्याखालच्या खडकाळ भागाचे, चित्र काढून दाखवले, आणि परत येईपर्यंत लाटेने ते पुसून टाकले होते. डायव्हिंगच्या जागांचे नकाशे करण्याचा निर्णय आम्ही त्याच संध्याकाळी घेतला.

उपग्रहाचे संकेत खाऱ्या पाण्यात शिरत नाहीत, त्यामुळे जीपीएस तरंगत्या पेटीत ठेवून, तिची दोरी ताठ धरून आम्ही खडपाच्या कडेने पोहतो. खोली इको साउंडर, म्हणजे तळाकडे ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारे यंत्र, सांगतो; ध्वनी समुद्राच्या पाण्यातून सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, त्यावरून हिशेब होतो. कपारी, कमानी आणि प्रवाळाचे ढिगारे मात्र आजही पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाटीवर शिसपेन्सिलीनेच उतरवतो. पेन्सिल दोरीने पाटीला बांधावी आणि होकायंत्र पोलादी सिलिंडरपासून दूर धरावे, हे नव्याने या कामात येणाऱ्यांना आवर्जून सांगतो.

आमच्या पहिल्या मोठ्या कामातच चूक झाली आणि ती सर्वस्वी आमची होती. जमिनीच्या मोजणीत तळ हलत नाही. समुद्रात पाण्याची पातळीच हलते. पौर्णिमेच्या उधाणाला भरतीच्या वेळी मोजलेली पाण्याची खोली आम्ही ओहोटीच्या पातळीवर न आणता तशीच छापली. एका खडकाचा माथा 2.6 मीटर खाली दाखवला होता. ओहोटीला त्यावर जेमतेम अर्धा मीटर पाणी उरले आणि आमच्या नकाशावर विसंबून गेलेल्या एका होडीचा पंखा तुटला. काम देणाऱ्याने पैसे अडवले, छापलेले सगळे नकाशे परत आले आणि इको साउंडरचे हप्ते थकले.

त्याच सुमारास एका प्रतिस्पर्धी संस्थेने आमच्या चुकीच्या नकाशाची छायाचित्रे किनाऱ्यावरच्या प्रत्येक डायव्हिंग केंद्रात फिरवली. त्यांचा स्वतःचा नकाशा म्हणजे जहाजांसाठीच्या सागरी तक्त्यावरील विरळ आकड्यांमधून अंदाजाने ओढलेल्या रेषा होत्या. त्यांचा एकही माणूस पाण्यात उतरला नव्हता. धोक्याच्या जागा त्यांनी लाल रंगात छापल्या होत्या. पाण्यात पाच-सहा मीटर खाली गेल्यावर लाल रंग विझू लागतो आणि दहा मीटरवर तो काळपट दिसतो, एवढेही ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांचे नकाशे हातोहात खपले. आम्ही चूक केली, कबूल केली आणि भरपाई दिली. त्यांना कधी कोणी जाब विचारला नाही, हे शल्य आजही आहे.

पंखा तुटलेली होडी ज्यांची होती, ते तांडेल काका मात्र आमच्यावर ओरडले नाहीत. नकाशा हातात घेऊन त्यांनी एवढेच विचारले, "पाणी खयच्या वेळेक मोजलास?" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या भावाची होडी काढली आणि आम्हाला पुन्हा तिथे नेले. तेव्हापासून धक्क्याच्या खांबाला मोजपट्टी बांधून एक माणूस दर 10 मिनिटांनी पातळी लिहितो आणि ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडूनच आकडा नकाशावर चढतो. ज्याला हा खर्च परवडत नसेल, त्याने हे काम घेऊ नये.

पुढची वर्षे सुरळीत गेली; लक्षद्वीप आणि अंदमानची कामे मिळाली. पावसाळ्यात कोकणात डायव्हिंग बंद असते, तेव्हा बडोद्यात बसून नकाशे रेखाटतो.

मालवणला प्रत्येक हंगामाचा पहिला दिवस अजूनही काकांच्याच होडीत जातो. साउंडरच्या पडद्यावर आकडा उमटण्याआधी ते शिसे बांधलेली दोरी सोडतात आणि खोली वावांत (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) ओरडून सांगतात. आमच्या वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले जातात.