खण टिकला, पण भार कुठे गेला?

खोक्यातून सुटं येणारं, लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं आणि घरी जुळवायचं फर्निचर दुरुस्त करायला जुने सुतार सहसा तयार होत नाहीत. "भुशाचं काय दुरुस्त करायचं?" म्हणतात आणि मोकळे होतात. माझं मात्र निम्मं काम आता त्या भुशाचंच आहे. "ड्रॉवर तुटला" असा फोन आला की मी मनात ओळखतो: तळ खाली आला असेल, नाहीतर खण ज्यावर सरकतो त्या चॅनलचे स्क्रू उपटले असतील. दर्शनी फळीच हातात आली असेल, तर माणूस फोनवरही जरा ओशाळलेला असतो.

या सरांचा वरचा खण तळातून गेला होता. निवृत्त शिक्षक. खणांचं बसकं कपाट, मुळात कपड्यांसाठी बनवलेलं. आत कपडा एक नाही. हातानं लिहिलेल्या नोट्स, प्रश्नपत्रिका, गठ्ठेच्या गठ्ठे.

माझ्याआधी कोणीतरी येऊन गेला होता. त्यानं बाजूच्या फळीच्या कडेत खालून खिळे ठोकले होते. पार्टिकल बोर्डाच्या, म्हणजे याच भुशाच्या फळीच्या, कडेत खिळा ठोकणाऱ्याच्या हातातून हातोडी काढून घ्यावी, या मतावर मी ठाम आहे. कड उभी फाटते आणि खिळा भुशात नुसता उभा राहतो. वर त्यानं इन्स्टंट गोंदही ओतला होता. तो काचेसारखा कडक झालेला थर पटाशीनं खरवडण्यातच माझी निम्मी सकाळ गेली, कारण लाकडाचा पांढरा गोंद जुन्या गोंदावर धरत नाही, लॅमिनेटवरही धरत नाही. त्याला कोरडा, उघडा भुसाच लागतो.

तळ म्हणजे ३ मिमीचं एचडीएफ, लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला पातळ बोर्ड, तीन बाजूंनी खाचेत सरकवलेलं आणि मागे दोन-चार पिनांवर टेकलेलं. एवढ्या रुंद खणाला मध्ये आडवी पट्टी द्यायला हवी होती. बनवणाऱ्यांनी ती वाचवली. थोडासाच बाक असता तर तोच तळ काढून उलटा घातला असता. बाक वर येतो आणि बरेच दिवस निघतात. इथं तो खाचेतून निसटून खालच्या खणातल्या कागदांवर बसला होता.

सर म्हणाले, "पुन्हा तुटता कामा नये, एवढं बघा."

मी घरातला वजनकाटा मागितला. सरांची मुलगी हसली, पण आणला. ८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए-फोर कागदाचं एक पान ५ ग्रॅम भरतं, ५०० पानांचा गठ्ठा अडीच किलो. कपडे तेवढ्याच जागेत किती कमी भरतात, ते सुटकेस उचलणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. काटा ३१ किलोवर थांबला, खणाचं स्वतःचं वजन वेगळंच. खाली होते साधे, छोट्या चाकांवर सरकणारे रोलर चॅनल. हे साधारण २५ किलोपर्यंतचे असतात.

मुलगी म्हणाली, "बाबा, टाकून द्या ना आता हे." मग दोघांचं थोडं झालं. मी मान खाली घालून मापं घेत राहिलो.

पुढचं काम मी मन लावून केलं. ६ मिमीचा प्लाय ३ मिमीच्या खाचेत जात नाही, म्हणून त्याच्या तीन कडा खालच्या बाजूनं निम्म्या उतरवल्या. खाचेत ३ मिमीची जीभ जाते, मध्ये पूर्ण जाडी राहते आणि आतली उंची जराही कमी होत नाही. पिनांच्या जागी मागे स्क्रू. आटे गेलेली भोकं १० मिमीनं साफ करून त्यात गोंद लावून लाकडी डॉवेल, म्हणजे गोल खुंट्या, बसवले, वाळल्यावर सपाट कापले. काडेपेटीच्या काड्या कोंबायचा सल्ला व्हिडिओवाले देतात. अस्सल लाकडात तो चालतो. भोवतालचा बोर्डच भुसभुशीत झाला असेल तर काड्या कशाला धरणार? गोंद ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजले आणि सारखे येईपर्यंत शिकंजा हलवत राहिलो. खण काटकोनात नसेल तर तो कितीही मजबूत करा, अडकणारच.

मग चॅनल. रोलरला आणि बॉल-बेअरिंगच्या, एकातून एक सरकत बाहेर येणाऱ्या टेलिस्कोपिक चॅनलला दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच, १२.५ मिमी जागा लागते, त्यामुळे बदल सोपा होता. कपाटाच्या फळीत मात्र स्क्रूवर भरवसा नको म्हणून ४ मिमीचे बोल्ट आरपार घेतले, बाहेरून रुंद वॉशर. मुलीला ती डोकी दिसलेली आवडली नाहीत. सरांना आवडली.

खण बंद करून पाहिला तेव्हा एक गोष्ट खटकली, ती अजून डोक्यातून जात नाही. रोलरचा खण पूर्ण बाहेर येत नाही, पाऊण येऊन थांबतो. टेलिस्कोपिक पूर्ण येतो. म्हणजे ३१ किलो कागद आता आधीपेक्षा जास्त पुढे लटकणार, तेही वरच्या खणातून, आणि कपाट पुढे कलायला तेवढं पुरतं. सरांना विचारलं नाही. तिथल्या तिथे कोन-पट्टी लावून कपाट भिंतीला जखडलं आणि मगच खण भरू दिला.

दुसरी गोष्ट तळाची. तो पातळ तळ वाकायचा, घासायचा, आवाज करायचा. भार जास्त झालाय हे सरांना कळायचं, मग ते ऐकोत न ऐकोत. आता काहीच वाकत नाही. सगळा भार मुकाट्यानं कपाटाच्या १६ मिमीच्या फळीवर जातो, आणि ती फळी गेली तर खण नाही, कपाटच जाईल. हे मी बोललो. "मग काय करू, फेकू का हे?" असं त्यांनी नोट्सकडे बघत विचारलं. खालच्या खणात जड आणि वर हलकं ठेवा, एवढंच सांगितलं. "वरचंच रोज लागतं," म्हणाले.

आता खालचे खणही असेच करून हवेत म्हणून त्यांचे फोन येतात. मी चॅनलच्या कडेनं फळीवर पेन्सिलीची बारीक रेघ मारून ठेवलीय. चॅनल रेघेपासून सरकलंय का, ते आधी बघणार. सरकलं असेल तर खालच्या खणांना हात लावणार नाही, हे त्यांना सांगून ठेवलंय. त्यावर ते म्हणाले, "रेघ मी रोज बघतो."