बीदरमध्ये चांदीची एक वेल

उदगीर मागे टाकून गाडी कमालनगर, भालकीवरून बीदरला आली. सामान ठेवून मी थेट चौबाऱ्याकडे, म्हणजे शहराच्या मध्यातल्या जुन्या गोल बुरुजाकडे निघालो. त्याच्या आसपास बिद्रीची, म्हणजे काळ्या धातूत चांदी बसवून केलेल्या वस्तूंची दुकानं आहेत. पुढे विक्री, मागे काम. मला घरातल्या फडताळावर ठेवायला एक छोटी तबकडी स्वतःच्या हातानं करायची होती. एका उस्तादांनी मागच्या खोलीत बसायला जागा दिली.

ओतकाम त्यांनीच केलं. १६ भाग जस्ताला १ भाग तांबं, आणि साचा एरंडेल तेल व राळ मिसळलेल्या वाळूचा. तबकडी बाहेर आली ती राखाडी आणि खरबरीत. कानस मारून, पॉलिश पेपरनं घासून ती गुळगुळीत केली. मग तिच्यावर मोरचुदाचं पाणी फिरवलं. त्यानं येणारा काळपट रंग फक्त कामापुरता असतो. त्यावर कोरलेली रेघ उजळ दिसते.

नक्षी साधीच, एक वेल आणि तिची पानं. मेणानं दगडावर पक्की बसवलेली तबकडी समोर घेऊन छिन्नी चालवायची. छिन्नी पुढे सरकते तशा चरीच्या दोन्ही कडा किंचित वर उचलल्या जातात, आणि पुढचं सगळं त्या कडांवर अवलंबून असतं. चरीत चांदीची तार बसवून ठोकली की तार रुंदावते, कडाही तिच्यावर दाबल्या जातात, आणि चांदी अडकते ती कायमची. ना गोंद, ना डाख! "हल्लू मारो, चांदी खुद बैठती," उस्ताद म्हणाले. खरंच, जोर कमी केला तशी तार वळणावरही न उचलता बसत गेली. मग पुन्हा घासणं. मोरचुदाचा रंग निघून जातो आणि राखाडी धातूवर पांढरी चांदी जवळपास दिसेनाशी होते.

बिद्रीबद्दल बोलताना सगळे किल्ल्यातल्या मातीचं कौतुक करतात. वर्षानुवर्षं ऊनपाऊस न लागलेल्या जागची ती माती, कारागीर जिभेवर ठेवून तिची पारख करतात. उस्तादांनी ती नवसागराबरोबर पाण्यात कालवली, तबकडी थोडी तापवली आणि मिश्रण चोळलं. उग्र वास आला आणि बघता बघता जस्ताचा धातू काळाभोर झाला. चांदी मात्र जशीच्या तशी. तेलाचा हात फिरवला आणि अमावास्येच्या आभाळात चांदणं उमटावं तशी वेल दिसली. मी तरीही म्हणेन की बिद्रीचा जीव त्या चरीत आहे. माती फक्त जस्ताला काळं करते. रेघ धरून ठेवते ती चर.

बीदरला गेलात तर आधी काम शिका, मग किल्ल्यातला रंगीन महाल बघा. काळ्या दगडात बसवलेले तिथले शिंपल्याचे तुकडे मी नंतर पाहिले, आणि नजर आपोआप त्यांच्या कडांवर गेली. दगड शिंपल्यावर दाबता येत नाही, त्यामुळे प्रत्येक तुकडा त्याच्या खाचेच्या मापाचाच कापावा लागला असणार. १६व्या शतकात, बीदरचा सुलतान अली बरीदशहाच्या काळात या महालाचं काम झालं. दाराला कुलूप दिसलं तर परत फिरू नका, किल्ल्यातल्या पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात विचारा.