एन-लिस्टचं लॉगिन आणि ती न येणारी यादी

एम.ए. इतिहासाच्या प्रबंधिकेसाठी मी १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी योजना हा विषय घेतला. त्यावरचं बरंच महत्त्वाचं लेखन ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये आहे. लेखाचं नाव सापडायचं, सुरुवातीच्या चार ओळी दिसायच्या आणि पुढे पैसे मागणारी चौकट.

आमचं कॉलेज अनुदानित. विद्यापीठं आणि कॉलेजांच्या ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राची एन-लिस्ट ही ऑनलाइन नियतकालिकं-पुस्तकं पुरवणारी योजना अशाच कॉलेजांसाठी आहे. कॉलेज वर्षाची वर्गणी भरतं, विद्यार्थ्याला घरबसल्या वाचायला मिळतं, आणि हे साप्ताहिकही त्यात येतं. आमची वर्गणी भरलेली होती, ग्रंथालयाच्या फलकावर तसं लिहिलेलं होतं. तरी मला लॉगिन मिळेना. त्याचा राग अजून गेलेला नाही.

ग्रंथालयात विचारलं की एकच उत्तर, “विभागाची विद्यार्थ्यांची यादी येऊ दे, सगळ्यांचं एकदम करू.” विभागात सांगायचे, प्रवेश पूर्ण झाल्याशिवाय यादी निघत नाही. ऑफिसात म्हणायचे, प्रवेश कधीच संपले, यादी विभागानं न्यायची. दिवाळीची सुट्टी लागली तरी यादी तिथेच. मार्गदर्शक मॅडम संदर्भ मागत होत्या आणि माझ्याकडे नुसती लेखांची नावं.

मग दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं तिच्या ग्रंथपालांना विचारलं. कॉलेजच्या अ‍ॅडमिन लॉगिनमधून एकेका विद्यार्थ्याचंही नाव आणि ईमेल भरता येतो, यादीसाठी कुणाला थांबवायचं कारणच नाही! मी प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला, ऑफिसात आवक क्रमांक घालून पोच घेतली आणि झेरॉक्स ग्रंथालयात दिली. त्याच दुपारी माझं नाव भरलं गेलं. तोंडी विनंती विसरली जाते, आवक क्रमांकाचा कागद विसरता येत नाही. तुम्ही अर्ज जुलैतच द्या. लॉगिनची मेल स्पॅममध्येही बघा.

रात्री पहिला लेख पूर्ण उघडला तेव्हा फार बरं वाटलं. जेवण बाजूला ठेवून तो वाचून काढला.

लॉगिन येईपर्यंत जेस्टोर या अभ्यास-नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहानं हात दिला. तिथे स्वतःचं मोफत खातं काढलं की महिन्याला शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात. पीडीएफ उतरवता येत नाही, म्हणून टिपणं वहीत काढा, पान क्रमांकासकट.

शोधगंगेचं, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहाचं, सांगायचं राहिलं. त्याला लॉगिन लागत नाही. मराठी प्रबंधांची शीर्षकं तिथे कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत असतात, त्यामुळे ‘दुष्काळ’ दोन्ही लिप्यांत आणि रोमनमध्ये निरनिराळ्या स्पेलिंगनं शोधा. बरेच जुने प्रबंध स्कॅन केलेले आहेत, त्यांच्या आत शब्द शोधता येत नाही. प्रकरणांच्या फाइली वेगवेगळ्या असतात. मी आधी संदर्भसूचीची फाइल उघडते, कारण कोणते अहवाल आणि गॅझेटिअर पाहायला हवेत ते तिथेच कळतं.