बोटीच्या ट्रेलरच्या मागच्या दोन कड्या : माझा अनुभव

गोदावरीला पूर आला की नाशिकमध्ये सगळ्यांचे लक्ष रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे लागते. पाणी मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला, यावरून शहर पुराचा अंदाज घेते. शहरातून पुढे गेलेले हेच पाणी निफाड तालुक्यात सायखेडा आणि चांदोरी या गावांत शिरते. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत तेथील लोकांना बोटीनेच बाहेर काढावे लागले होते. आमच्या मदत गटाने यंदा मार्चमध्ये एक जुनी बोट घेतली ती यासाठीच. बोट पंधरा फुटांची, फायबरची, चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनाची. इंजिन, बॅटरी आणि भरलेली टाकी धरून वजन सहाशे किलोच्या आसपास. नाशिकहून चांदोरी साधारण पंचवीस किलोमीटर आहे. तेवढ्या रस्त्यावर, तेही भर पावसात, बोट ट्रेलरवर जागच्या जागी राहिली पाहिजे, आणि गटाच्या साहित्याची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे ते काम माझ्याकडे आले.

बोटीबरोबर ट्रेलरही मिळाला होता. रायगडच्या किनाऱ्यावर तो शेडपासून धक्क्यापर्यंत, शे-दोनशे मीटर ढकलत नेण्यापुरताच वापरला जात असे, आणि नाशिकला तो बोटीसह ट्रकवर आला. त्यामुळे त्याला पुढे विंच, म्हणजे दांडा फिरवून बोट ओढून घेण्याची चरखी, होती, बोट टेकण्यासाठी गालिचा लावलेल्या दोन लांब लाकडी पट्ट्या होत्या, पण मागे बोट बांधायला काहीही नव्हते. नोंदणी, दिवे आणि नवे टायर ही कामे विनातक्रार झाली. अडले ते मागच्या दोन कड्यांपाशी, आणि त्यांच्यासाठी एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत सात आठवडे गेले.

आधी पुढच्या बाजूविषयी थोडक्यात लिहिते. बोटीच्या पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेला, खाली एक पोलादी कडी असते. विंचचा पट्टा तिच्यात अडकवून दांडा फिरवला की बोट पट्ट्यांवरून सरकत येते आणि समोरच्या रबरी ठोकळ्याला टेकते. इतके झाले की बोट बांधली गेली, असे बहुतेकांना वाटते. विंच ही बोट वर ओढून घेण्यासाठी असते. तिचा सगळा भरवसा एका लहानशा खटक्यावर असतो आणि धक्क्याने तो खटका सुटला तर पट्टा झरझर उलगडतो. म्हणून नाळेच्या कडीतून ट्रेलरच्या चॅनेलपर्यंत, म्हणजे सांगाड्याच्या पोलादी तुळईपर्यंत, एक स्वतंत्र साखळी डी-शॅकल (पिनेने बंद होणारी डी आकाराची कडी) लावून अडकवावीच लागते. ते काम एका दुपारी झाले. मागच्या बाजूचा प्रश्न वेगळा असतो. चाक खड्ड्यातून उसळले की बोटीचा मागचा भाग, जेथे जवळजवळ शंभर किलोचे इंजिन टांगलेले असते, वर उचलला जाऊन खाली आपटतो आणि वळणावर तोच भाग आडवा सरकतो. हे थांबवण्यासाठी बोटीच्या मागच्या भिंतीवर ज्या दोन कड्या असतात, त्यांतून दोन रॅचेट पट्टे (दातेरी खटक्याने ताणून घट्ट करायचे पट्टे) खाली आणून ट्रेलरच्या सांगाड्यावरील कड्यांना ताणून बांधतात. आमच्या ट्रेलरच्या सांगाड्यावर याच दोन कड्या नव्हत्या.

औद्योगिक वसाहतीतील एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मी ट्रेलर घेऊन गेले. तेथील मिस्त्रींनी ट्रेलरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "दोन कड्याच ना ताई? अर्ध्या तासाचे काम आहे, ठेवून जा, उद्या न्या." त्यानंतर तीन आठवडे मी जवळजवळ दर दिवसाआड तेथे गेले आणि दर वेळी 'उद्या' हेच उत्तर ऐकले. गेटच्या ग्रिलचे काम आधी होते, नंतर वीज नव्हती, नंतर कारागीर गावी गेला होता. मला खरोखर संताप येत होता, कारण मे महिना संपत आला होता आणि पाऊस कोणाच्या 'उद्या'साठी थांबणार नव्हता. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी फोन आला की काम झाले आहे. जाऊन पाहते तर दोन्ही कड्या सांगाड्याऐवजी ॲक्सलवर, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर, जोडलेल्या होत्या.

मिस्त्रींचे म्हणणे असे होते की मागच्या आडव्या चॅनेलपेक्षा ॲक्सल जाड आहे, म्हणून कडी तेथेच जास्त मजबूत बसेल. वरवर पाहता हे कोणालाही पटेल, आणि म्हणूनच ते सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते. ॲक्सल आणि सांगाडा यांच्यामध्ये कमानपाटे, म्हणजे धक्के झेलणाऱ्या पोलादी स्प्रिंगा, असतात. बोट सांगाड्यावर टेकलेली असते, ॲक्सल मात्र चाकांबरोबर वर-खाली होतो. त्यामुळे एक टोक बोटीला आणि दुसरे ॲक्सलला असलेला पट्टा पाटे दबले की सैल पडतो आणि पाटे उसळले की झटका खातो. त्यातच ॲक्सलवर नको त्या ठिकाणी वेल्डिंग केले की त्याची ताकद कमी होते, ते वेगळेच. मी हे सगळे सांगून पाहिले, परंतु त्यांना पटेना. शेवटी प्रत्यक्ष चालवून पाहायचे ठरले.

ती चाचणी आम्ही गंगापूर रस्त्यावर, सोमेश्वरच्या पुढे घेतली. निघण्यापूर्वी मी बोटीच्या तळावर आणि तिच्याखालच्या लाकडी पट्टीवर मिळून खडूची एक सरळ रेघ ओढली होती. बोट सरकली तर रेघ तुटून दिसावी, एवढाच हेतू होता. गटातल्या मुलाला पिकअप चालण्याच्या वेगाने गतिरोधकावरून न्यायला सांगितले आणि मी रस्त्याच्या कडेला उकिडवी बसून मागचे चाक पाहत राहिले. चाक गतिरोधकावर चढताच पाटे दबले, तोवर तारेसारखा ताठ असलेला पट्टा झोळीसारखा लोंबला, आणि चाक उतरताना त्याचा हूक कडीच्या तोंडापर्यंत घसरून परत खटकन आत बसला. दुसऱ्या गतिरोधकावर उजवा हूक कडीतून पूर्ण बाहेर आला आणि पट्टा डांबरावर घासत गेला. सहा किलोमीटरनंतर पाहिले तेव्हा खडूच्या रेघेची दोन टोके एकमेकांपासून तीन बोटे दूर गेली होती. वेग ताशी वीस-पंचवीसच्या वर कधीच गेला नव्हता.

हे सगळे मोबाइलवर चित्रित करून मी मिस्त्रींना दाखवले. तेव्हा ते म्हणाले, "ताई, बोट एवढी जड आहे, ती जाणार कुठे?" हे वाक्य त्यानंतर मी आणखी चार जणांकडून ऐकले आहे. वजन माल धरून ठेवत नाही, जोरात ब्रेक लागला की तेच वजन त्याला ढकलते. युरोपात मालवाहतुकीसाठी जे मानक वापरतात त्यानुसार माल पुढे सरकू नये म्हणून त्याच्या वजनाच्या ०.८ पट, आणि बाजूला किंवा मागे सरकू नये म्हणून ०.५ पट जोर धरून बांधणी करावी लागते. आमच्या सहाशे किलोंच्या बोटीसाठी हा हिशेब पुढच्या दिशेने सुमारे ४८० किलो आणि बाजूला ३०० किलो येतो. मी तो त्यांच्यासमोर खडूने चॅनेलवरच मांडला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि कड्या कापून सांगाड्यावर लावून देण्याचे कबूल केले.

त्यानंतरही दोन आठवडे गेले. या वेळी कड्या मागच्या आडव्या चॅनेलवर, बरोबर मी सांगितलेल्या जागी होत्या आणि त्यांवर ताजा काळा रंग मारलेला होता. रंगामुळे मला शंका आली. नखाने खरवडून पाहिले तर कडीचा गज जेमतेम आठ मिलिमीटरचा होता आणि वेल्डिंग एकाच बाजूने, तेही टाके मारल्यासारखे केले होते. पट्टा ताणल्यावर अशी कडी उपटली गेली असती, आणि रस्त्यात उपटली गेली असती तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वारावर सहाशे किलोंची बोट गेली असती. त्या दिवशी मी आवाज चढवला, हे मान्य करते. पुढच्या सोमवारी सकाळी नऊला मी स्वतः बारा मिलिमीटरचा गज आणि जाड पोलादी पट्टीचे दोन तुकडे घेऊन शेडमध्ये गेले, एका प्लास्टिकच्या स्टुलावर बसले आणि चॅनेलला आधाराची पट्टी जोडून, कडीभोवती चारही बाजूंनी वेल्डिंग होऊन, ते थंड होईपर्यंत उठले नाही. दुपारी साडेतीनला काम पूर्ण झाले. प्रत्यक्ष वेल्डिंगला, मिस्त्री पहिल्या दिवशी म्हणाले होते तसा, अर्धा तासही लागला नव्हता.

ज्यांना असे काम करून घ्यायचे आहे, त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की तोंडी सांगून निघून येऊ नका. कडी जेथे हवी तेथे खडूने फुली मारा, गजाची जाडी लिहून द्या, आणि रंग मारण्यापूर्वी वेल्डिंग पाहायला मिळेल असे आधीच ठरवून घ्या.

बांधायच्या रॅचेट पट्ट्यांविषयी सांगायचे तर ते पॉलिस्टरचे घ्यावेत. नायलॉनचा दोर ओला झाला की लांबतो, आणि आम्हाला तर बोट पावसातच न्यायची आहे. चांगल्या पट्ट्यावर त्याची क्षमता छापलेले लेबल शिवलेले असते. लेबल नसलेला पट्टा कितीही जाड दिसला तरी घेऊ नये. आम्ही दोन इंच रुंदीचे घेतले. मागचे दोन पट्टे शक्य तितके आखूड आणि खालच्या दिशेने ओढणारे असावेत, कारण पट्टा जितका लांब तितका तो अधिक ताणला जातो. पट्ट्याला मध्ये एक पीळ दिला तर तो वाऱ्यात फडफडत नाही. सुटलेले टोक रॅचेटभोवती गुंडाळून बांधावे, नाहीतर ते चाकात जाते. बोटीच्या काठावरून आडवा पट्टा टाकत असाल तर त्याखाली रबराचा तुकडा ठेवावा, फायबरवर घासून पट्टा आणि बोट दोन्ही खराब होतात.

एक महत्त्वाची गोष्ट मी कड्यांच्या आधीच करून घेतली होती, ती सांगायची राहिली. बोट ट्रेलरच्या लाकडी पट्ट्यांवर नीट बसली आहे की नाही हे सर्वांत आधी पाहावे. आमच्या बोटीचा मागचा भाग लाकडी पट्ट्यांच्या बाहेर वीतभर आला होता, म्हणजे इंजिनाचे सगळे वजन अधांतरी होते. ट्रेलरच्या गाडीला जोडायच्या दांड्याखाली घरचा वजनकाटा ठेवून पाहिले तर पुढच्या टोकावर जेमतेम तीस किलो भार येत होता. ट्रेलर आणि बोट मिळून साडेआठशे किलो होतात, आणि त्याच्या सात ते दहा टक्के भार पुढे असावा लागतो. तो कमी असला की वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे झोके घेऊ लागतो. विंचचा खांब वीतभर पुढे सरकवल्यावर बोट पट्ट्यांवर पूर्ण टेकली आणि पुढचा भारही पासष्ट किलोंवर आला. हे कड्यांच्या आधीच करावे, कारण बोट पुढे सरकली की कड्यांची जागाही बदलते. आणि कधी झोके सुरू झालेच तर ब्रेक दाबू नये, ॲक्सिलरेटर सोडून वेग आपोआप उतरू द्यावा.

इंजिन वर उचलून ठेवले तरी त्याला खाली आधाराचा दांडा हवा, नुसत्या हायड्रॉलिकवर ते सोडू नये. बोटीच्या तळाचे बूच प्रवासात काढून ठेवावे. पावसाचे साठलेले शंभर लिटर पाणी म्हणजे मागच्या भागात शंभर किलो वाढले. ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाचा कपलर गाडीमागच्या गोळ्यावर (बॉलवर) बसवून पिन घातल्यावर पुढच्या जॅकने दांडा थोडा वर उचलून पाहावा: गाडीचा मागचा भाग बरोबर उचलला गेला तर कपलर नीट बसला आहे असे समजावे. सुरक्षेच्या दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींवर आडव्या टाकाव्यात, म्हणजे कपलर सुटला तरी दांडा त्यांवर झेलला जातो, रस्त्यात रुतत नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही रात्रीचा सराव म्हणून बोट पहिल्यांदा चांदोरीला नेली. या वेळी पाऊस असल्याने रेघ खडूऐवजी पांढऱ्या तैलरंगाची ओढली होती. पाच-सहा किलोमीटरवर, नांदूर नाक्यापाशी थांबून सगळे तपासले: डावा पट्टा किंचित सैल पडला होता, त्याला रॅचेटचा एक दात वाढवला, चाकांच्या मधल्या भागाला हात लावून पाहिले, बेअरिंग कोमट होती, गरम नव्हती. पुढे रस्ता खराब होता आणि दोनदा चाक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात जोरात आदळले, तेव्हा मी आरशातून मागे पाहत होते आणि बोट ट्रेलरबरोबरच उसळून ट्रेलरबरोबरच खाली येत होती. चांदोरीत उतरल्यावर टॉर्च घेऊन ट्रेलरखाली वाकले. बोटीवरची रेघ आणि लाकडावरची रेघ अजून एकाच ओळीत होत्या.