लेकीच्या वयावर हरकत आली तेव्हा – माझा अनुभव

माझ्या लेकीच्या जन्मदाखल्यावर तिचं नावच नाहीये हे मला ती तेरा वर्षांची झाल्यावर कळलं, आणि तेही सॉफ्टबॉलमुळे. म्हणजे दाखला घरात होता, लॅमिनेट करून कपाटात, शाळेच्या अ‍ॅडमिशनला झेरॉक्स दिली होती, पण त्यावर "बाळाचे नाव" या रकान्यात नुसती रेघ आहे हे कोणी कधी बघितलंच नव्हतं. शाळेने पण नाही. बघितलं ते समोरच्या टीमच्या कोचने.

आम्ही नेरूळला राहतो. लेक आठवीत, शाळेच्या 14 वर्षांखालील मुलींच्या टीमची पिचर, म्हणजे बॉल टाकणारी. उंची पाच फूट सहा, माझ्याहून चार बोटं जास्त, सासरकडचे सगळेच असे ताडमाड आहेत त्याला आम्ही काय करणार. हात पूर्ण गोल फिरवून कमरेखालून बॉल सोडते, त्याला विंडमिल म्हणतात. सॉफ्टबॉल हे नाव ऐकून मला आधी वाटलेलं की बॉल मऊ असेल, तसं काही नाही, 12 इंच घेराचा चांगला टणक बॉल असतो, मोठ्या बायकांच्या मॅचमधे पिचर 43 फुटांवरून टाकते, बेसबॉलमधे हेच अंतर 60 फूट 6 इंच असतं. म्हणजे बॅटिंगवालीला विचार करायला वेळच नाही. त्यात समोर अशी उंच मुलगी दिसली की लोकांच्या मनात शंका येते, हे मी समजू शकते. खरंच समजू शकते, कारण वय लपवून मुलं खेळवणं हा प्रकार आपल्याकडे होतो, केंद्र सरकारने 2010 मधे त्यासाठी वेगळा कोडच काढला होता. हरकतीचा नियम पाहिजेच. तो कसा वापरतात हा माझा मुद्दा आहे.

तर शनिवारी मनपा लेव्हलची फायनल. सप्टेंबर, रात्रभर पाऊस, ग्राउंडवर होम प्लेटच्या, म्हणजे बॅटिंगच्या जागेच्या, बाजूला चिखलात लाकडाचा भुसा टाकलेला. दोन्हीकडचे पालक छत्र्या घेऊन दोरीला चिकटून उभे. आणि आपण सगळे क्रिकेटवाले, नियम कोणाला माहीत नसतात. चौथ्या इनिंगला आमच्या एका बॅटरने तिसरी स्ट्राइक हुकवली, तीन स्ट्राइक झाल्या की एरवी आऊट, पण त्यांच्या कॅचरच्या, म्हणजे मागे बॉल पकडणारीच्या, ग्लोव्हमधून बॉल सुटून मागे गेला आणि आमची पोरगी सुसाट फर्स्ट बेसला पळाली. सेफ. आता या खेळात तसा नियमच आहे, फर्स्ट बेस रिकामा असेल किंवा दोन आऊट झालेले असतील तर कॅचरने तिसरी स्ट्राइक पकडली नाही की बॅटर पळू शकते. पण तिकडच्या पालकांनी जो गोंधळ घातला. "अहो तीन झाले ना! आऊट आहे ती! अंपायर विकला गेलाय!" अंपायर म्हणजे कॉलेजचा पोरगा, स्वतः खेळाडू असणार, तो बिचारा समजावतोय आणि एक बाबा बंद छत्री घेऊन सरळ फाऊल लाइनच्या आत.

त्यांच्या कोचला नियम माहीत होता. ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, तो अंपायरकडे गेलाच नाही, हाताची घडी घालून उभा राहिला आणि पालकांकडे बघून म्हणाला, "बघून घ्या हं, काय चाललंय ते." बस. एवढंच. त्याच्यानंतर अर्धा तास तिकडून नुसता आरडाओरडा.

आमच्या बाजूला पण कोणी संत नव्हते हे पण सांगते. त्यांची शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे फील्डिंग करणारी, एक एवढीशी मुलगी, हेल्मेट डोळ्यांवर येत होतं, ती बॅटिंगला आली की आमच्यातले एक पालक "घाबरली, घाबरली" सुरू करायचे आणि बाकीच्यांनी टाळ्यांचा ठेका धरलेला. मी पण धरला होता. दुसऱ्या वेळी ती स्ट्राइक आऊट होऊन परत जाताना रडत होती तेव्हा माझ्या टाळ्या थांबल्या, पण तोपर्यंत वाजवल्या होत्याच ना.

आम्ही 6-4 ने जिंकलो. मॅचनंतर दोन्ही टीम लाइनमधे हात मिळवतात, तर त्या कोचने मुलींना सांगितलं "काही गरज नाही, बॅगा उचला." आमच्या पोरी हात पुढे करून उभ्या, समोर कोणीच नाही. आणि हा माणूस थेट टेबलावर, हातात लिहिलेला कागद तयार. म्हणजे मॅच चालू असतानाच लिहून ठेवला होता.

नंतर आमच्या सरांनी, म्हणजे आमच्या टीमच्या कोचने, समजावलं ते असं. अंपायरने सेफ दिलं की आऊट, स्ट्राइक की बॉल, यावर हरकत घेताच येत नाही, तो त्याचा निर्णय. नियम चुकीचा लावला असं म्हणणं असेल तर पुढचा बॉल पडायच्या आत सांगावं लागतं. पण खेळाडूचं वय किंवा पात्रता यावर नंतर पण लेखी हरकत देता येते, फी भरून. त्यामुळे मॅच हरली की काही लोकांचं ठरलेलंच असतं, सगळ्यात उंच मुलगी बघायची आणि तिच्यावर टाकायची. लागला तर मटका, नाहीतर फी गेली.

आयोजकांनी आमची फाइल काढली. बोनाफाइड होतं, आधार होतं, जन्मदाखल्याची झेरॉक्स होती. तो कोच झेरॉक्सवर बोट ठेवून म्हणतो, "यात नाव कुठाय? हा दाखला कोणाचाही असेल. हिची धाकटी बहीण असेल." धाकटी बहीण! मला एकच मूल आहे हो. मी बोलायला गेले तर म्हणे "मॅडम, तुम्ही पालक आहात, तुम्ही बाजूला थांबा." निर्णय असा की बुधवारी सकाळी अकरापर्यंत नावासकट मूळ दाखला आणा, तोपर्यंत पुढच्या विभागीय स्पर्धेची एन्ट्री होल्डवर. आधार दाखवून चालेल का विचारलं तर नाही, आणि ते बरोबरच आहे, मी ऑफिसमधे पीएफची कामं बघते, पीएफवाल्यांनी पण जानेवारी 2024 मधे जन्मतारखेच्या पुराव्यातून आधार काढून टाकलं.

घरी येताना रिक्षात लेक गप्प होती. सीवूड्सच्या सिग्नलला म्हणाली, "आई, मी खरंच तेराचीच आहे ना?" मी हसले आणि मग मला इतका राग आला की काय सांगू.

रात्री ग्रुपवर धो धो मेसेज. आमच्याच टीमच्या सेकंड पिचरच्या आईने लिहिलं, "पेपर आधीच बघायला हवे होते ना ताई, एका मुलीमुळे सगळ्यांचं नुकसान." पुढे हात जोडलेला इमोजी. कोणी काही बोललं नाही त्यावर, दोघींनी तर अंगठा दिला. मुलींच्या खेळात आपला जीव एवढा का अडकतो याचं कारण पण स्पष्टच आहे, दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण, त्यामुळे प्रत्येक सर्टिफिकेट म्हणजे जणू एफडी. ग्राउंडवर कोणी ते बोलून दाखवत नाही, सगळे "पोरांनी खेळलं पाहिजे हो" असंच म्हणतात.

मग सरांचा फोन. "मॅडम, घाबरू नका, आपण पण हरकत टाकू. त्यांच्या शॉर्टस्टॉपचं आडनाव दोन कागदांवर वेगवेगळं आहे असं कळलंय. तुमच्याकडे मॅचचे फोटो आहेत ना, तिचा चेहरा स्पष्ट दिसेल असा एक पाठवा." मी म्हटलं, "सर, ती तर एवढीशी आहे, तिचं वय कसं जास्त असेल?" ते म्हणाले, "वयाचा प्रश्न नाहीये मॅडम, त्यांना पण धावू दे की जरा." मला तेव्हा ते अगदी पटलं. अकरा वीसला मी फोटो पाठवला. झूम करून, बाजूच्या दोन मुली कापून.

आता दाखल्याचं. लेकीचा जन्म माझ्या माहेरी, कराडला. हॉस्पिटलने जन्माची माहिती चौथ्या दिवशीच नगरपालिकेला कळवली, कायद्याने 21 दिवसांत कळवायची असते. आणि आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी, आत्या कानात नाव सांगणार, त्याच्या आधी नाव ठरलेलं असलं तरी उच्चारत पण नाहीत. मग कागदावर कुठून येणार? फक्त आईचं नाव, वडिलांचं नाव, स्त्री. नंतर जाऊन नाव घालायचं असतं हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, दाखला मिळाला की काम झालं असं समजून आम्ही मोकळे. पहिल्या वर्षात नाव फुकट घालून मिळतं, नंतर लेट फी, पण 15 वर्षांच्या आतच. आम्ही तेराव्या वर्षी होतो. आणि जिथे नोंद झाली तिथेच जावं लागतं, नवी मुंबईत बसून होत नाही.

रविवारी दादाने कराडहून अर्जाचा नमुना फोनवर पाठवला, मी नवऱ्याची सही घेतली, दोघांची आधार, शाळेचं बोनाफाइड, लेकीचं आधार, हॉस्पिटलचा डिस्चार्ज कागद असं सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमधे घालून रात्री नेरूळ एलपीवरून एसटी पकडली. डिस्चार्ज कागद मिळाला हे नशीब, आईने लसीकरणाच्या कार्डात घडी करून ठेवला होता आणि लग्नाच्या अल्बमबरोबर तो इकडे आला होता. पहाटे कोल्हापूर नाक्याला उतरले तेव्हा पाऊस नव्हता, दादा स्कूटर घेऊन उभा.

नगरपालिकेत जन्म-मृत्यू विभागात एक वयस्कर क्लार्क होते. त्यांनी आधी कॉम्प्युटर बघितला, मग म्हणाले, "मूळ नोंद बघूया," आणि कपाटातून रजिस्टर काढलं, कापडी बांधणीचं, कोपरे फाटलेले. बोटाला पाणी लावून पानं उलटत गेले. एका पानावर थांबले. निळ्या शाईत माझं नाव, माझ्या मिस्टरांचं नाव, वजन दोन किलो आठशे, आणि नावाच्या जागी मोकळी जागा. त्या पानावर नऊ नोंदी होत्या, मी मोजल्या, सहा जणांचं नाव नव्हतं. "हे सगळे कधीतरी येणार बघा," क्लार्क म्हणाले, "कोणी पासपोर्टला, कोणी लग्नाला. खेळासाठी आलेल्या तुम्ही पहिल्याच." नाव सांगताना त्यांनी मला स्पेलिंग तीनदा विचारलं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, आणि आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून घेतलं. तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर हे तिथेच बघून घ्या, नंतर दुरुस्ती म्हणजे वेगळी डोकेदुखी. साहेब मंगळवारी येणार होते म्हणून एक दिवस थांबावं लागलं, आईच्या हातचं जेवले, मंगळवारी दुपारी नावासकट दाखला हातात. तीन प्रती घेतल्या.

बुधवारी लेकीला घेऊन साडेदहालाच पोचले. ती बाकावर बसली ती पोक काढून, मान आत, मला आधी कळेना हिला झालंय काय, मग लक्षात आलं की उंची कमी दिसावी म्हणून. मी तिला कोपर मारून ताठ बसवलं, दोन मिनिटांनी परत तशीच.

आमचं काम सात मिनिटांत झालं. नोंदीची तारीख जन्मानंतर चौथ्या दिवसाची आहे म्हटल्यावर पुढे बोलायला काही राहिलंच नाही. तो कोच आलाच नव्हता. ज्याने हरकत घेतली त्याला यायची सक्ती नाही, पळायचं आम्ही. मी विचारलं, आता याचं काय? तर म्हणे फी जप्त होते. झालं.

बाहेर आले तर त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला ती शॉर्टस्टॉप, शाळेच्या युनिफॉर्ममधे, आणि तिची आई माझ्यासारखाच फोल्डर मांडीवर घेऊन. आमच्या सरांची हरकत. दोन्ही मुली एकमेकींकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. तिची आई मला म्हणाली, "तुमचं झालं का हो ताई? आमचं आडनाव दाखल्यावर एक आहे आणि आधारला एक. कोणीतरी फोटोसकट तक्रार केलीय. आज हाफ डे टाकलाय, उद्या परत बोलावलं तर पगार कापतील." घणसोलीला राहतात, वाशीत कुठल्यातरी दुकानात कामाला होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, अर्ज कसा लिहायचा, शाळेकडून जनरल रजिस्टरचा उतारा घ्या, अक्षरं जुळवून घ्या. त्या मोबाइलवर टाइप करत होत्या, ते जमेना म्हणून मी माझ्याच पेनाने त्यांच्या फोल्डरच्या पाठीवर लिहून दिलं.

"तुमचा नंबर देता का ताई," म्हणाल्या, "अडलं तर विचारेन."

दिला. त्यांचं काम दोन दिवसांनी झालं, मेसेज आला होता, थँक्यू आणि फुलं. आम्ही विभागीयला पहिल्याच मॅचमधे हरलो. सरांना पाठवलेला तो फोटो मी बुधवारीच परतीच्या रिक्षात डिलीट करायला गेले, पण सगळ्यांसाठी डिलीट करायचा ऑप्शनच आला नाही, वेळ निघून गेली होती. तेवढ्यात त्या ताईंचा "हाय" आला. डीपीला लेकीचा फोटो, त्याच जर्सीतला, हेल्मेट डोळ्यांवर आलेलं. मी नंबर "शॉर्टस्टॉपची आई" म्हणून सेव्ह केला, त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.