आमची वाटचाल : पहिली फाइल मालक डॉक्टरांची

मिरजेत हॉस्पिटलं भरपूर, आणि त्यातल्याच एकात मी ॲडमिनिस्ट्रेटर होतो. 2015 मध्ये नोकरी सोडली आणि ओटी (ऑपरेशन थिएटर) इन्चार्ज म्हणून निवृत्त झालेल्या एका सिस्टरांबरोबर भागीदारीत ही फर्म काढली. डॉक्टरांचं क्रेडेन्शियलिंग (पदव्या, रजिस्ट्रेशन तपासणं), प्रिव्हिलेजिंग (कोणी कुठली कामं करायची ते ठरवणं) आणि वागणुकीच्या तक्रारी हाताळायची पद्धत हॉस्पिटलांना बसवून द्यायची, एवढंच काम.

"कागद गोळा करायला बाहेरचा माणूस कशाला?" असं सुरुवातीला सगळेच विचारायचे. 2016 मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने कॅशलेस विम्यासाठी एनएबीएच या हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या एंट्री लेव्हलसारखी (सुरुवातीच्या पातळीची) मान्यता लागेल असं ठरवलं आणि फोन येऊ लागले. पण बहुतेकांना असेसर (तपासणीस) येण्यापुरती फाइल हवी असायची. तसली कामं आम्ही घेतली नाहीत, म्हणून पहिली वर्षं ओढाताणीची गेली.

कागदांचं काम तसं सरळ आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर 5 वर्षांनी रिन्यू होतं, त्यासाठी वैद्यकीय प्रशिक्षणाचे 30 क्रेडिट तास लागतात. एमएस, एमडी केलं तर तीही पदवी कौन्सिलकडे नोंदवावी लागते. भिंतीवर पदवी लावलेली आणि कौन्सिलकडे नोंदच नाही, असे डॉक्टर आजही भेटतात.

खरा कस लागतो तो प्रिव्हिलेजिंगला. जनरल सर्जरीत एमएस आहे म्हणून दुर्बिणीतून हर्निया करता येतोच असं नाही. कुठलं ऑपरेशन स्वतंत्रपणे करायचं, कुठलं सीनियरच्या देखरेखीखाली आणि कुठलं करायचंच नाही, हे प्रत्येकाच्या नावापुढे लिहावं लागतं. ती यादी ओटीच्या टेबलावर हवी, कारण रात्री फोनवर केस बुक करणाऱ्या सर्जनला "सर, हे तुमच्या यादीत नाही" असं सिस्टरला म्हणता आलं पाहिजे. रात्रपाळीला आयुर्वेद, होमिओपॅथीचे (बीएएमएस, बीएचएमएस) आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलात थांबणारे डॉक्टर असतात, त्यांच्याही मर्यादा लिहून ठेवायला आम्ही लावतो. होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये तोच निष्काळजीपणा मानला होता.

आणि वागणूक. एका हॉस्पिटलात एक ज्येष्ठ सर्जन ओटीत सिस्टरांवर ओरडायचे. मेडिकल डायरेक्टर त्यांचेच विद्यार्थी, त्यामुळे सगळे गप्प. आमच्याशी बोलताना एक तरुण सिस्टर म्हणाली, "सर चिडतात म्हणून मॉपचा (रक्त टिपायच्या कापडांचा) काउंट जुळला नाही तरी दुसऱ्यांदा विचारायला भीती वाटते." हे ऐकून मेडिकल डायरेक्टर हलले. मॉप पोटात राहिला तर काय होतं, हे त्यांना आम्ही सांगायची गरज नव्हती. त्यांनी दुसऱ्या एका सीनियरना बरोबर घेतलं, सरांना केबिनमध्ये भेटले आणि काय घडलं, कधी, कोणासमोर, तेवढंच वाचून दाखवलं. सरांची बाजूही लिहून घेतली. काउंट जुळल्याचं सिस्टरने सांगितल्याशिवाय टाका घालायचा नाही, हा नियम त्याच बैठकीत सरांनी मान्य केला.

आमची बहुतेक हॉस्पिटलं 20-30 बेडची. मालक तेच, मेडिकल डायरेक्टर तेच आणि सर्जनही तेच. त्यांना प्रिव्हिलेज कोणी द्यायचं? आम्ही शहरातल्या दुसऱ्या हॉस्पिटलातला त्याच शाखेचा सीनियर मागतो, त्यांच्याकडून केसेस तपासून घेतो. स्पर्धकाला आपल्या केसेस दाखवायला मालक आधी तयार नसतात, आणि त्यांचं मन वळवायला कधी कधी महिने जातात. पण मालकांची फाइल पूर्ण झाल्याशिवाय आम्ही व्हिजिटिंग कन्सल्टंटांकडे कागद मागत नाही. यंदा भूलतज्ज्ञांसाठी हेच बसवायला घेतलंय. ते एकाच दिवशी चार ठिकाणी जातात आणि चारही ठिकाणच्या याद्या वेगळ्या असतात.