‘वेताळ नं. २०’ घेण्याआधी

जुन्या इंद्रजाल कॉमिक्सच्या जाहिरातीत ‘वेताळ, नं. २०, अतिदुर्मिळ’ असं दिसलं की पैसे काढायच्या आधी मुखपृष्ठाचा फोटो मोठा करून नंबर कसा छापलाय ते बघा. इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि पहिले ३२ अंक वेताळचेच (इंग्रजीतला ‘फँटम’) होते. म्हणजे खरा नं. २० साठच्या दशकातला. पण ४४३ व्या अंकानंतर सलग क्रमांक बंद झाले आणि ‘खंड २०, अंक १’ अशी मोजणी सुरू झाली. खंडाचा २० हा अंकाचा २० समजून, किंवा समजूनउमजून, ऐंशीच्या दशकातला अंक साठच्या दशकाच्या भावाने विकायला निघतो. आणखी एक सोपी खूण आहे. बहादूर हे पात्र १९७६ मध्ये आलं. आतल्या पानावर किंवा पुढच्या अंकाच्या जाहिरातीत कुठेही बहादूर दिसला, तर तो अंक त्याआधीचा असूच शकत नाही, विकणारा काहीही म्हणो.

अमर चित्र कथेतही असाच घोळ होतो. इंग्रजी मालिकेत ‘कृष्ण’चा क्रमांक ११, कारण आधीचे दहा परदेशी परीकथांचे होते. पुढे मालिका नव्याने क्रमांक देऊन निघाली, तिथे ‘कृष्ण’ ५०१. म्हणून ५०१ दिसला की ती नंतरची छपाई. मात्र ११ दिसला म्हणून पहिली आवृत्ती हातात आली असंही नाही, कारण जुन्या क्रमांकानेही कितीतरी फेरछपाया झाल्या. अशा वेळी छापलेली किंमत आणि मलपृष्ठावरची शीर्षकांची यादी बघावी. यादीत नंतर निघालेली शीर्षकं असतील तर छपाईही नंतरचीच. दोन प्रती शेजारी ठेवल्या तर हे पाच मिनिटांत कळतं.

नागपुरात शोधणाऱ्याने एक गोष्ट धरून चालावी. हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि आजही अर्धा बाजार हिंदीत बोलतो. त्यामुळे बर्डी, महाल, इतवारीतल्या रद्दीच्या गठ्ठ्यात डायमंड, राज, मनोज ही हिंदी कॉमिक्स जास्त सापडतात. मराठी इंद्रजाल आणि चांदोबा बहुतेक वेळा घराघरातून निघतात: वाडा पाडायला काढला, माळा रिकामा केला, पेटी कबाडीवाल्याकडे गेली. तेव्हा कबाडीवाल्याशी ओळख असणं कुठल्याही अ‍ॅपपेक्षा कामाचं. त्याला एवढंच सांगून ठेवा की सुतळी बांधू नको, गठ्ठा तसाच दे. सुतळीने आवळलेल्या गठ्ठ्यातल्या वरच्या-खालच्या चार-पाच अंकांच्या कडांना खाच पडते आणि ती कशानेही जात नाही.

प्रत हातात आली की मुखपृष्ठाच्या आधी मधलं पान उघडा. पिनांनी शिवलेल्या पुस्तकात सगळ्यात आधी निखळतो तो मधला जोडकागद, आणि तो गेला तरी कथा वाचताना चटकन लक्षात येत नाही. चार पानांची उडी ‘गोष्टच तशी असेल’ म्हणून खपून जाते. म्हणून पानं मोजायची. क्रमांक छापलेले नसतील तर एक-एक पान बोटाने मोजायचं. त्यानंतर पिना. मूळ पिनेच्या बाजूला आणखी दोन बारीक भोकं दिसली तर पिना कुणीतरी बदलल्यात, किंवा आतली पानं एका प्रतीची आणि कव्हर दुसरीचं आहे. गंजलेली पिन कागदाला तपकिरी डाग देते आणि तिथला कागद कुरकुरीत होऊन तुटतो. तरी घरी पिन बदलू नका, कारण बदललेली पिन ही दुरुस्ती धरली जाते आणि ती सांगावीच लागते.

आपल्याकडचे खास दोष परदेशी मार्गदर्शिकांत सापडत नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉमिक्स भाड्याने देणाऱ्या लायब्रऱ्या पाच-दहा अंक एकत्र शिवून घ्यायच्या. बाइंडिंग सोडवलं तरी पाठीलगत, म्हणजे शिवणीच्या कडेला, दोऱ्याची तीन-चार भोकं राहतात. बाइंडर कडा कापून सरळ करायचा, म्हणून दुसऱ्या प्रतीला लावून उंची-रुंदी मोजा. दोन-तीन मिलिमीटर कमी भरलं तर कड कापली आहे. लायब्ररीचा शिक्का, बॉलपेनने लिहिलेलं नाव, रंगवलेली चित्रं, सोडवलेलं कोडं हे सगळं दिसतं तरी. न दिसणारा दोष म्हणजे कापलेलं कूपन. जाहिरातीच्या पानावरचा चौकोन कापला की मागच्या पानावरच्या चित्राचाही तुकडा जातो. सेलोटेप हा तर शाप. काही वर्षांत तिचा डिंक तेलकट पिवळा होऊन कागदात मुरतो, वरचं प्लॅस्टिक गळून पडतं आणि डाग कायमचा बसतो. सोलायला जाऊ नका, छपाई सोबत निघते.

बनावट कव्हरसाठी सोनाराकडे असते तसली दहापट भिंग पुरते. खऱ्या छपाईत चार रंगांचे ठिपके ठरावीक जाळीत बसलेले दिसतात. रंगीत झेरॉक्सच्या कव्हरवर त्याच जुन्या ठिपक्यांवर दुसरी जाळी चढलेली असते, काळा रंग किंचित उंच आणि चकचकीत दिसतो, आणि घडीवर रंगाची पापडी सुटते.

आता दर्जा. जगभर ०.५ ते १० अशी मोजपट्टी चालते: ९.४ म्हणजे नियर मिंट, ८ व्हेरी फाइन, ६ फाइन, ४ व्हेरी गुड आणि २ म्हणजे गुड. इथेच गफलत होते. मोजपट्टीतला ‘गुड’ म्हणजे वापरून खिळखिळी झालेली, पण पूर्ण असलेली प्रत. विकणारा ‘गुड कंडिशन’ लिहितो तेव्हा त्याच्या मनात आपला रोजचा ‘चांगली’ असतो. म्हणून आकड्यापेक्षा वर्णन मागावं आणि द्यावं: ‘पाठीवर चार सुरकुत्या, खालच्या उजव्या कोपऱ्याला एक सेंटिमीटरची घडी, मधलं पान एका पिनेतून सुटलेलं, नाव नाही, शिक्का नाही.’ एवढ्या एका वाक्याने नंतरची भांडणं वाचतात. आणि भाव बघताना लोकांनी मागितलेल्या किमती सोडा, ज्या किमतीला सौदा खरंच मिटला त्या बघा. मागायला काय, कुणीही काहीही मागतं.

नागपूरकरांचा सगळ्यात मोठा शत्रू मात्र कूलर आहे. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४५ अंश आणि हवा कोरडी ठणठणीत. आत खिडकीत कूलर, आणि त्याच खोलीत कॉमिक्सचं कपाट. दिवसा कूलर चालू असताना कागद ओल घेतो, बंद झाला की सोडतो. रोजच्या या फुगण्या-आकसण्याने पानं लाटांसारखी होतात, पिना गंजतात, आणि पावसाळा लागेपर्यंत बुरशीला जमीन तयार झालेली असते. कपाट कूलरच्या खोलीत नकोच. गच्चीखालच्या माळ्यावरही नको, तिथे उष्णतेने कागद लवकर पिवळा आणि ठिसूळ होतो. घराच्या मधल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं सोडून, जमिनीपासून वर ठेवावं. उधई, म्हणजे वाळवी, भिंतीतून आणि फरशीतून येते.

ओलसर वास येणाऱ्या प्रती उन्हात घालायची सवय मोडा. आपल्या उन्हात लाल-पिवळा रंग बघता बघता उडतो. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात, पानं हलकेच मोकळी करून ठेवा, वास जायला आठवडा लागला तरी चालेल. कसर लागली असेल तर प्रती हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवायच्या. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर पाणी सुटतं. डांबरगोळ्यांचा वास कागदात असा बसतो की गिऱ्हाईक पाकीट उघडताच नाक मुरडतं.

पिशव्यांसाठी परदेशी माल मागवायची गरज नाही. इतवारीत कपड्यांच्या पॅकिंगच्या बीओपीपी पिशव्या शेकड्याने मिळतात. बीओपीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन, ते चालतं. मऊ, वासाचं पीव्हीसी नको, त्यातून निघणारी रसायनं शाई ओढून घेतात. आकार आधी मोजा, कारण इंद्रजाल, डायजेस्ट आणि राज कॉमिक्स एका मापात बसत नाहीत. रुंदीला साधारण एक सेंटिमीटर मोकळं हवं. घट्ट पिशवी पाठ वाकवते. झाकणावर गोंदाची पट्टी असलेली पिशवी स्वस्त पडते, पण प्रत बाहेर ओढताना कव्हर त्या पट्टीला चिकटून उलतं. पट्टी पिशवीच्या अंगावर आणि झाकण कोरडं अशी पिशवी मिळाली तर तीच घ्या. नाही मिळाली तर पट्टी सोलूच नका, झाकण मागे दुमडून मास्किंग टेप लावा. मे महिन्यात गोंद उष्णतेने पाझरतो हे वेगळंच. पाठीमागचा पुठ्ठा कायमच्या साठवणीसाठी आम्लविरहितच हवा. मिठाईच्या डब्याचा करडा पुठ्ठा रद्दीच्या लगद्याचा, आम्ल सोडणारा. तो फक्त पाठवण्यापुरता, आणि पिशवीच्या बाहेर.

विकताना फोटो आठ तरी हवेत: पुढून, मागून, पाठ, दोन्ही पिना उघड्या, मधलं पान, आतलं कव्हर, आणि प्रत्येक दोष जवळून. एक फोटो पांढऱ्या ए-फोर कागदाशेजारी घ्या, म्हणजे पानांचा पिवळेपणा खरा दिसतो. फ्लॅश नको, तिरका उजेड हवा. पाठीच्या सुरकुत्या त्यातच दिसतात. पैशाबद्दल एकच: पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. ‘स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणणारा गिऱ्हाईक नव्हे.

पॅकिंगचं मूळ तत्त्व: कोपरे हलता कामा नयेत. एका प्रतीसाठी तीन-पदरी कोरुगेटेड पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या, प्रतीपेक्षा चारही बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर मोठे. दोन्हींच्या आतल्या लाटांच्या नळ्या एकमेकींना काटकोनात ठेवा, म्हणजे एका दिशेने वाकणारा पुठ्ठा दुसरा धरून ठेवतो. पिशवीतली प्रत एका पुठ्ठ्याच्या मधोमध ठेवून जाड कागदाच्या त्रिकोणी खिशांत चारही कोपरे अडकवा आणि खिसे पुठ्ठ्याला चिकटवा. टेप पिशवीला लागली तरी चालेल, कॉमिकला कधीच नाही. वर दुसरा पुठ्ठा ठेवून चारही कडा टेपने बंद करा. टेप ओढून आवळू नका, पुठ्ठे कमानीसारखे वाकतात आणि आतली प्रतही. बबल रॅपचे फुगे आतल्या बाजूला प्रतीवर दाबले गेले तर उन्हात तापलेल्या गाडीत त्यांचे गोल ठसे चकचकीत कव्हरवर उमटतात. म्हणून बबल नेहमी पुठ्ठ्याच्या बाहेर. जून ते सप्टेंबर त्यावर प्लॅस्टिकचं आवरण हवंच. पण भर पावसात, दमट हवेत सील करू नका, आतली ओल आतच राहते.

गठ्ठा पाठवताना लक्षात ठेवा, पाठ बाकीच्या कडेपेक्षा जाड असते. वीस प्रती एकाच दिशेने रचल्या तर गठ्ठा तिरपा होतो आणि खालच्या प्रतींची पाठ वळते. दर पाच प्रतींनंतर दिशा उलटी करा. खोकं पाच-पदरी घ्या आणि हलवून बघा. आतून आवाज आला तर कागदाचे बोळे कमी पडलेत. संत्र्याची जुनी खोकी चुकूनही नकोत, भोकांतून पाणी आणि वास दोन्ही आत जातात.

टपालाचं गणितही बदललंय. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. १ मे २०२५ ला आलेलं ज्ञानपोस्ट पुस्तकांसाठी स्वस्त आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून, आणि त्याचा मागही काढता येतो. पण ठरावीक काळाने निघणारी प्रकाशनं आणि जाहिराती असलेलं साहित्य त्यात बसत नाही. इंद्रजाल दोन्ही बाबतींत अडकतं, तेव्हा काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नाही, स्पीड पोस्टच करा. वजन घरीच करून जा. पुठ्ठे आणि आवरण मिळून कॉमिकएवढं, कधी जास्तही भरतं आणि पाकीट वरच्या टप्प्यात जातं. बरेच खासगी कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येणारे किलो खऱ्या वजनापेक्षा जास्त असतील तर तेच धरतात. म्हणून हलक्या मालाला मोठं खोकं महाग पडतं.

शेवटची इजा बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या हातून होते. तो घाईने कटर चालवतो आणि पातं पुठ्ठ्यातून थेट कव्हरवर. बंद करताना टेपचं एक टोक दुमडून सुटं ठेवा, त्यावर लाल पेनाने ‘इथून ओढा, कापू नका’ असं लिहा. आणि गिऱ्हाइकाला आधीच कळवा, पाकीट उघडताना व्हिडिओ काढा, वेष्टनाच्या सहाही बाजू दाखवून मगच ओढा.